एकोणतीस जूनला एनिड कुठे होती

एनिड क्लूलो चहाला येणार असली की इंग्लंडातल्या बर्स्लेम गावच्या बायका कपबशा दोनदा पुसून ठेवत, आणि त्यातही खालून जास्त. कारण खुर्चीत टेकली रे टेकली की एनिडचं पहिलं काम ठरलेलं असायचं. रिकामी बशी उचलायची, उलटी करायची आणि तिच्या पाठीवरचा कारखान्याचा शिक्का वाचायचा. तशी ही खोड त्या गावात घरोघरची. ज्या गावाने दोनशे वर्षं अख्ख्या जगाला कपबशा पुरवल्या, तिथली माणसं परगावच्या लग्नातसुद्धा सूप वाढायच्या आधी ताटली उलटी करून बघतात आणि आपल्याच गावची निघाली की मान डोलावतात. पण एनिडचं जरा पुढे गेलेलं होतं. ती बिलं उलटी करून बघे, औषधाची खोकी बघे, चॅपलमध्ये, म्हणजे गावच्या लहानशा प्रार्थनाघरात, नवं भजनांचं पुस्तक आलं तर त्याचं शेवटचं पान आधी वाची. "वरची फुलं कुणीही काढतं," असं ती म्हणे, "खाली नाव कुणी घातलंय ते बघावं."

तिचं स्वतःचं काम वरच्या बाजूचंच होतं. एकतीस वर्षं ती कपांच्या काठावर सोन्याची रेघ ओढत होती. चाकावर कप फिरत असायचा, हातातली कुंचली जागची हलायची नाही, आणि रेघ जिथून निघाली तिथेच येऊन मिळायची. श्वास जरा चुकला तर कप फुकट जायचा. त्याच कारखान्यात माती मळायच्या बाजूला तिचा नवरा हॉरेस होता. त्या बाजूची माणसं संध्याकाळी घरी येताना पांढरी होऊन येत, आणि ती पांढरी धूळ अंगावरून धुतली जायची, छातीतून नाही. हॉरेसला खोकला होता. गल्लीला तो इतका ओळखीचा होता की खोकला आला की मागून हॉरेस येतोय हे लोकांना कळायचं.

१९९३ साली दोघांनी नगरपालिकेचं भाड्याचं घर विकत घ्यायचं ठरवलं. एकोणीस वर्षं त्याच घरात राहिलेले, मागच्या अंगणात हॉरेसचे वाटाणे, पुढच्या खिडकीत एनिडच्या हातचे पडदे. जूनच्या मध्यावर एका शुक्रवारी दोघं काम आटोपून बँकेत गेली. सल्लागार तरुण आणि नवा होता, दक्षिणेकडून बदलून आलेला, टाय घट्ट बांधलेला. त्याने कागदांवर जिथे सह्या करायच्या तिथे पेन्सिलीने आधीच फुल्या मारून ठेवल्या होत्या. त्यात एक कागद विम्याचा होता. नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर कर्जाचे हप्ते विमा भरणार. हे घ्यावंच लागतं का, असं एनिडने विचारलं. तो म्हणाला, याच्याशिवाय फाइल पुढे सरकत नाही. एवढ्यात हॉरेसला ढास लागली. त्या पोराने उठून त्याला पाणी आणून दिलं. पाणी दिलं, पण काय होतंय म्हणून विचारलं नाही. दोघांनी फुल्यांवर सह्या केल्या. दहा मिनिटांत दोघं बाहेर होती.

सहा वर्षांनी कारखान्याने एकदम चाळीस बायकांना घरी बसवलं, त्यात एनिड होती. त्या वेळी विम्याने आठ महिने हप्ते भरले. एनिडने गुडघे टेकून देवाचे आभार मानले, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात काम मिळालं त्याच दिवशी विमावाल्यांना स्वतःहून पत्र लिहून कळवलं की आता पुरे.

मग २००३ मध्ये हॉरेसची छाती बसली ती बसलीच. विम्याकडे अर्ज केला. उत्तर आलं की हा आजार विमा घेण्याआधीपासूनचा आहे आणि तो आपण सांगितला नाही, सबब काही मिळणार नाही. हॉरेसने ते पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हणाला, "चूक माझी आहे गं. मी सांगायला हवं होतं." ते तो त्या दिवशी म्हणाला, पुढच्या आठवड्यात म्हणाला, आणि तीन वर्षांनी रुग्णालयात, जेव्हा त्याला एकेका शब्दासाठी थांबावं लागत होतं, तेव्हाही म्हणाला. एनिड दर वेळी म्हणे, जाऊ दे रे. पण त्याच्या मनातून ते गेलं नाही. आपल्या न बोलण्यामुळे बायकोवर घराचं ओझं पडलं, हे मनात घेऊनच तो गेला.

एनिडने शाळेतल्या मुलांना वाटाणे आणि उकडलेले बटाटे वाढून कर्ज फेडलं. विम्याचा हप्ताही सोबत जात राहिला, कारण तो थांबवला तर घराला काही होईल अशी तिला भीती होती. २०११ मध्ये शेवटचा हप्ता गेला आणि बँकेचं अभिनंदनाचं पत्र आलं. तिने ते उलटं करून पाहिलं. मागे काही नव्हतं.

त्याच वर्षी टीव्हीवर रोज सांगत होते की बँकांनी असले विमे लोकांच्या गळ्यात मारले, तक्रार करा, पैसे परत मिळतात. मधल्या दलालांचे फोन दिवसाला चार-चार यायचे. तुमचं सगळं आम्ही बघतो, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा आमचा. एनिडने एकाला विचारलं, "लिहिता-वाचता येतं ना तुला? मलाही येतं," आणि फोन ठेवला. रेघी कागदावर, स्वच्छ अक्षरात, तिने बँकेला स्वतःच पत्र लिहिलं. विमा घ्यावाच लागेल असं आम्हाला सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याच्या तब्येतीबद्दल कुणी एक शब्दही विचारला नव्हता, आणि त्याच्या नावाचे पैसे मात्र अठरा वर्षं घेतले.

आठ आठवड्यांनी नकार आला. त्यात दोन गोष्टी होत्या. पहिली, १९९९ साली आपण या विम्याचा लाभ घेतला आहे, तेव्हा तो आपल्या उपयोगाचा नव्हता असं म्हणता येत नाही. दुसरी, आमच्या नोंदीनुसार सल्लागाराने आपणा दोघांना समोर बसवून विमा ऐच्छिक असल्याचं समजावलं, दोघांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि श्री. क्लूलो यांनी कोणताही आजार सांगितला नाही.

पैशांच्या नकाराचं तिला एवढं वाटलं नाही. दुसरी गोष्ट मात्र तिने उभ्याउभ्या पुन्हा वाचली. मेलेल्या माणसाला बँकेच्या छापील कागदावर खोटं ठरवलं होतं. हॉरेसला विचारलं होतं आणि तो गप्प बसला होता, असं त्यात लिहिलं होतं.

गुरुवारी चॅपलमधली पितळ घासायची पाळी तिची आणि बेरिल टॅम्सची. बेरिल तिची चाळीस वर्षांची मैत्रीण, तोंडाने तिखट, मनाने नंतर पश्चात्ताप करणारी. एनिडने मेणबत्तीची घरं पुसता पुसता सगळं सांगितलं. बेरिलने ऐकून घेतलं आणि चिंधी आपटली.

"एकदा पोटभर जेवलीस ना? मग आता ताटाचेही पैसे परत मागतेस?"

"मी जेवले. हॉरेस उपाशी राहिला," एनिड म्हणाली.

"ते तुझं तू बघ. पण लोक काय म्हणतील सांगू? क्लूलोंची एनिड म्हातारपणी हावरी झाली म्हणतील."

एनिडने पुढचं मेणबत्तीचं घर घासायला घेतलं. पण ते वाक्य घरी तिच्याबरोबर आलं आणि रविवारपर्यंत राहिलं. रविवारी प्रार्थनेला सगळे माना खाली घालून बसले तेव्हा तिने देवाला सरळ विचारलं, मी हावरी आहे का? देव काही बोलला नाही, पण भजन सुरू व्हायच्या आत तिला काय करायचं ते कळलं. ज्या दिवशी काम मिळालं त्या दिवशी जसं पत्र लिहिलं होतं, तसंच आताही लिहायचं. मला १९९९ साली जे मिळालं ते आधी पूर्ण कापून घ्या. त्यानंतर उरेल ते बघू. पण माझा नवरा खोटा नव्हता, हे मला लिहून हवंय.

बँकेच्या वर दाद मागायची जागा म्हणजे लोकपाल कार्यालय, दूर लंडनला. तिकडे जायच्या आधी तिने बँकेकडून सगळ्या जुन्या कागदांच्या प्रती मागवल्या. तीनदा फोन करावा लागला. तिसऱ्या वेळी पलीकडची मुलगी म्हणाली की एवढ्या जुन्या फाइली शोधणं अवघड असतं, मिसेस क्लूलो. एनिड म्हणाली, "नकार लिहिताना सापडली होती ना, तिथेच असेल ती."

प्रती आल्या त्या दिवशी ती ओटची धिरडी भाजत होती. तवा उतरवून, हात पुसून तिने पाकीट फोडलं. विम्याचा कागद वर होता. पुढच्या बाजूला तिची सही, हॉरेसची थरथरती सही, आणि आजार नाही या चौकटीत एक बरोबरची खूण. ती खूण दोघांपैकी कुणाचीच नव्हती. हॉरेस कागदावर खूण करताना पेन इतकं दाबायचा की मागे फुगवटा यायचा. ही खूण पिसासारखी हलकी होती. पण असं कुणाला सांगितलं तर कोण ऐकणार?

मग तिने सवयीने कागद उलटा केला.

मागे सल्लागाराचं निवेदन होतं. मी आज अर्जदार पती-पत्नी दोघांना शाखेत प्रत्यक्ष भेटून वरील सर्व बाबी समजावल्या व त्यांच्या प्रकृतीची माहिती घेतली. खाली त्याची सही आणि त्याच्याच हाताने घातलेली तारीख, मंगळवार, २९ जून १९९३.

एनिड खुर्चीत बसली आणि हसू लागली. शेजारच्या मांजरीने खिडकीतून आत डोकावून पाहिलं, इतकी ती हसली.

जूनचा शेवटचा आठवडा आणि जुलैचा पहिला म्हणजे कुंभारांचा पंधरवडा. त्या दोन आठवड्यांत सगळ्या भट्ट्या एकदम विझवायच्या, सगळे कारखाने एकदम बंद, आणि अख्खं गाव बोचकी बांधून समुद्राकडे निघायचं. हॉरेस-एनिड दर वर्षी वेल्सच्या किनाऱ्यावर, लँडुडनोला, त्याच एका घरगुती खाणावळीत मुक्कामाला असत. त्या पंधरवड्यात बर्स्लेममध्ये कुणाला भेटलो म्हणणं म्हणजे सुट्टीत शाळेत हजेरी घेतली म्हणण्यासारखं होतं. गावातला कुणीही माणूस, अगदी लबाडी करायची असती तरी, ती तारीख टाकता ना. पण तो पोरगा दक्षिणेकडचा. शाखेत चिटपाखरू नाही, हाताला काम नाही, तेव्हा बसून त्याने राहिलेले कागद भरून टाकले असणार, खुणा आपल्याच हाताने, आणि तारीख त्या दिवशीची.

आता हे दाखवायचं कसं? खाणावळ केव्हाच बंद झालेली. फोटो होते, पण त्यांवर तारीख नव्हती. हॉरेसने पावत्या कधी जपल्या नाहीत. पुढच्या गुरुवारी पितळ घासताना तिने बेरिलला कागद दाखवला आणि उलटा करून दाखवला. बेरिलने तारीख वाचली. तिने कसलाही टोमणा मारला नाही, म्हणून एनिडला जरा काळजीच वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेरिल दारात. काखेत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा.

"त्या वर्षी माझी आई आजारी होती," ती आत येत म्हणाली. "मी एकटी गावात राहिले होते, आठवतं? तुम्ही सगळे मजा करत होता आणि मला कार्डं पाठवत होता, मला जळवायला."

"जळवायला नाही गं पाठवली."

"मला जळायलाच झालं. म्हणून तर जपून ठेवली." तिने डबा टेबलावर उपडा केला. पन्नास-साठ कार्डं. बेरिलने त्यातलं एक आधीच वर काढून ठेवलेलं होतं. पुढे समुद्राचा धक्का, निळंशार आकाश. एनिडने ते उलटं केलं.

तिचंच अक्षर. बेरिल, आज मंगळवार. हॉरेसची टोपी वाऱ्याने धक्क्यावरून उडवून समुद्रात नेली. तो टोपीला शिव्या देतोय. मी देवाला विनवतेय की टोपीबरोबर याचा खोकलाही घेऊन जा, रात्रभर खाणावळ जागवतो. बाकी छान.

वर राणीचं तिकीट, आणि तिकिटावर टपालाचा काळा गोल शिक्का, २९ जून १९९३.

एनिडने शिक्क्यावरचा आकडा बोटाने गिरवला. बेरिल बाकीची कार्डं डब्यात भरू लागली. "ते ताटाचं मी बोलले ना, ते परत घेते. आणि झेरॉक्स काढायला मी येते बरोबर. तू हरवशील."

लोकपाल कार्यालयाकडे जाडजूड पाकीट गेलं. दोन महिन्यांनी तिथून फोन आला. तपास करणारी मिस फॅरंट, आवाजावरून तरुण. तिने सगळं नीट वाचलेलं होतं, पण एक गोष्ट तिच्या गळी उतरत नव्हती.

"मिसेस क्लूलो, सगळं गाव? एकाच वेळी?"

"भट्टी अर्धी विझवता येत नाही, बाळ. विझवायची तर सगळी. मग माणसांनी तिथे बसून काय करायचं?"

पलीकडे लिहिल्याचा आवाज आला. मग मिस फॅरंटने विचारलं, "आणि १९९९ साली या विम्याने तुमचे हप्ते भरले होते, हे खरं?"

"खरं. आठ महिने. माझ्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे. ते आधी कापा."

"ते कापावंच लागेल," मिस फॅरंट म्हणाली. "पण विम्याने पैसे दिले का, हा एक प्रश्न आहे. तो विकला कसा, हा दुसरा. बँकेने पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला दिलंय."

हे ऐकून एनिडने फोन कानापासून जरा लांब धरला आणि छताकडे पाहिलं. नकार आल्यापासून तिच्या मनात जे घोळत होतं ते या मुलीने दोन वाक्यांत सांगितलं होतं.

बँकेने हार मानायला वेळ घेतला. आधी म्हणाली तारीख चुकून पडली असेल. त्यावर मिस फॅरंटने लिहिलं की मग ज्या निवेदनात तारीख चुकीची आणि भेट झालेलीच नाही, त्यातलं बाकीचं खरं कशावरून मानायचं? बँकेने मग दुसरं काही लिहिलं, त्यालाही उत्तर गेलं. एप्रिलमध्ये, वाटाणे पेरायच्या दिवसांत, निकालाचं पत्र आलं. बेरिल तेव्हा तिथेच होती, हल्ली ती रोजच असे. एनिडने पाकीट फोडलं, पत्र बाहेर काढलं आणि आधी उलटं केलं.

"मागे काय आहे?" बेरिलने विचारलं.

"काही नाही."

"मग सरळ कर आणि वाच, बाई."

तक्रार मान्य. विमा ऐच्छिक आहे हे सांगितल्याचं दिसत नाही. अठरा वर्षांचे हप्ते व्याजासह परत करावेत, १९९९ चं देणं त्यातून वजा करून. दहा हजार पौंडांच्या जरा वर येत होते. एनिड त्या आकड्यावरून घाईने पुढे गेली, आणि दुसऱ्या पानावर तिला हवं ते सापडलं. ते तिने मोठ्याने वाचलं.

श्री. हॉरेस क्लूलो यांना त्यांच्या प्रकृतीविषयी विचारण्यात आलं होतं, याचा कोणताही विश्वासार्ह पुरावा नाही. त्यांनी आपला आजार लपवला असं म्हणण्यास आधार नाही.



"परत वाच," बेरिल म्हणाली.

तिने परत वाचलं. मग हॉरेसची खुर्ची होती तिकडे वळून तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश, जसं बहिऱ्या माणसाला वाचून दाखवतात तसं. मग चीज घालून धिरडी भाजली आणि दोघींनी ती गरम गरम खाल्ली, बेरिलने तीन, एनिडने चार.

बँकेचा धनादेश मे महिन्यात आला. दहावा हिस्सा चॅपलच्या छपराला गेला, पावसाच्या पन्हळीसकट. बाकीच्यातले थोडे बाजूला काढून एनिडने लँडुडनोला दोन खोल्या सांगितल्या. कारखाने आता बहुतेक बंद झालेले, पंधरवडा नावापुरता उरलेला, पण तिने तारखा त्याच धरल्या. बेरिल म्हणाली, मला जळवायला या वेळी कार्ड पाठवू नकोस, मीच येते.

एकोणतीस जूनला वारा होता. दोघींनी डोक्याला रुमाल घट्ट बांधले आणि धक्क्यावरून चालून टपाल कचेरीत गेल्या. एनिडने निळ्याशार आकाशाचं एक कार्ड घेतलं, खिडकीपाशी उभी राहिली आणि बँकेच्या मुख्य कचेरीचा पत्ता लिहिला. मग मजकूर, सोन्याची रेघ ओढायच्या हाताने, एक अक्षर न हलवता:

महोदय, आज २९ जून. मी लँडुडनोला आहे. आज मी आपल्या शाखेत आल्याची नोंद कुणी केली असल्यास कृपया ती खोडावी. आपली, एनिड क्लूलो. ता. क. आज हॉरेस क्लूलो यांनाही आपण भेटलेला नाहीत.

बेरिलने ते वाचलं आणि इतकी हसली की खिडकीतल्या माणसाने मान वर केली. मग तिने त्याला बजावलं की शिक्का जरा दाबून मारा हो, तारीख वाचता आली पाहिजे. त्याने दाबून मारला. एनिडने कार्ड परत मागून घेतलं, डोळ्यांजवळ धरून शिक्का नीट वाचला आणि मगच ते त्याच्या हातात दिलं.